तीन भाग लोणी, एक भाग जग

गोर्न्या लुका, २ जुलै

एक्कावन्न वर्षं मी या घरात रांधते आहे आणि आता मी अंडं जोखून घालायचं? तुझा काटा मिळाला. काचेची पाटी, हात लावला की आकडे उजळतात. मला आधी आरसाच वाटला. वाकून पाहिलं तर तोंडाच्या जागी शून्य.

नेवेना सूनबाई, आता नमस्कार घे. राग आधी काढला की पुढचं पत्र हलकं जातं.

चार दिवसांपूर्वी राडोये लेन्काला इथे माझ्यापाशी सोडून गेला. पिशवी ठेवली, दोन पेले राकिया प्याला आणि माझ्या कानाशी आला. म्हणाला, "आई, गावात कुणाला कळता कामा नये. पोटाचं दुखणं आहे म्हणून सांग. पुढे मुलीचं लग्न व्हायचंय." मुलगी सात वर्षांची. पुढचे दोन दात पडलेले, बदकाला नाव ठेवते आणि त्याच्याशी भांडते. मी म्हटलं, "आधी दात येऊ देत, मग नवरा बघू." तरी कबूल केलं. माझाच मुलगा, करते काय.

फोनवर बोलायचं नाही हेही त्यानेच ठरवलं. मी फोनवर बोलले की खालच्या वस्तीतली कुत्री भुंकतात आणि माणसं गप्प बसून ऐकतात. म्हणून पत्र. मिलीसाव बसवाला कायमाकच्या डब्याखाली ठेवून नेईल. त्याला म्हटलंय, सायीचा डाग पडला तर तुझं बसवालेपण काढीन.

तुझा कागद तीनदा वाचला. मला एवढं समजलं की तीन भाग लोणी आणि चरबी, एका भागात बाकीचं सगळं जग, म्हणजे पोरीच्या आकड्या थांबतात. पाव नाही, बटाटा नाही, साखर तर नावालाही नाही. तुझ्या सासऱ्याला डॉक्टरांनी चरबी बंद केली होती. सात वर्षं सुका पाव चघळून मेला बिचारा. आता तेच डॉक्टर पोरीला लोणी चमच्याने चारा म्हणतात. वर गेल्यावर त्याला सांगितलं तर पुन्हा मरेल.

आज सकाळी तिला एक पळी कायमाक दिला. पळी भरून. खूश झाली.

स्तामेन्का


बेलग्राड, ६ जुलै

ती. आईंना नमस्कार.

कायमाक उत्तम, पण "एक पळी" हे माप नाही. तुमची पळी, माझी पळी आणि राडोयेंची पळी या तीन वेगळ्या वस्तू आहेत. मी शाळेत गणित शिकवते, मला हे पोरांना रोज सांगावं लागतं. काट्यावर वाटी ठेवा, आकडा शून्य करा, मग घाला. वाटीला चिकटलेलं लोणीसुद्धा तिला निपटून खाऊ द्या, तेही मोजलेलं असतं.

तीन औषधं करून पाहिली, तरी दिवसाला पाच-सहा आकड्या येत होत्या, हे तुम्हाला माहीत आहे. मार्चमध्ये हे खाणं सुरू केलं. शेवटची आकडी सव्वीस मेला आली. आज एक्केचाळीस दिवस झाले. मी हे दिवस फळ्यावर लिहीत नाही एवढंच.

एक चमचा साखरेनेही हे सगळं मोडू शकतं. मध तर नकोच. दात घासायची पेस्टसुद्धा पिशवीतलीच.

आकडी आलीच तर कुशीवर वळवा, घड्याळ पाहा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांच्या वर गेली तर पिशवीतलं औषध द्या आणि गाडी बोलवा. आणि आई, ते काळं फडकं तोंडावर टाकायचं नाही. तिथे अजून टाकतात असं राडोये एकदा म्हणाले होते.

आपली,
नेवेना


गोर्न्या लुका, १५ जुलै

काळ्या फडक्याचं मला सांगतेस? ते मी कणकेवर घालते, पाव फुगायला. तोंडावर घालायची जुनी अक्कल मी पाहून टाकून दिली आहे.

बरं. काट्याशी माझं जमलं. परवा मी लग्नाची अंगठी जोखली, चार ग्रॅम. एवढ्याशा वजनासाठी एवढा जन्म! पोरीचं सगळं मी जोखते आणि ती माझ्यावर नजर ठेवते. काल लोण्याचा एक ग्रॅम जास्त पडला तर म्हणाली, "आजी, नियम म्हणजे नियम." अगदी तुझा आवाज. अंगावर काटा आला.

पिशवीतल्या पट्टीचंही जमलं. सकाळी पट्टीवर मुतायचं, जांभळी झाली की सगळं ठीक. पोरीची रोज वांग्यासारखी. माझी मी पाहिली, फिक्की. मग शेळीची पाहायला गेले, तर तिने पट्टीच खाल्ली. पट्ट्या जास्तीच्या पाठव.

खरा ताप पोटाचा आहे. पोरीच्या नाही, राडोयेच्या थापेतल्या पोटाचा. "पोट नाजूक आहे" म्हटल्याबरोबर सगळी टेकडी वैद्य झाली. मास्तरीणबाई गोड टोस्ट घेऊन आल्या. पाद्रीबुवांनी मंतरलेलं पाणी दिलं आणि म्हणाले, दोन दिवस लंघन कर. शेजारची क्रुनिया तर दिवसातून दोनदा, "पोटाला मध, स्तामेन्का, पोटाला मध." मी म्हणते डॉक्टरांनी मनाई केली आहे. ती म्हणते, "डॉक्टर शहरातले, पोट तर गावातच बसलंय ना?"

शेवटी लेन्काने स्वतःच एक पाटी लिहिली आणि पाठीवर बांधली: "मला खायला घालू नका. चावते." शुद्धलेखन तिचं, मजकूर माझा.

स्तामेन्का


गोर्न्या लुका, २३ जुलै

सगळं ठीक आहे. हवा बरी आहे. बदक अंडी घालायला लागलं.

एक विचारायचं होतं. समजा एखाद्या मुलाने, आपल्या नव्हे, दुसऱ्याच कुणाच्या, चुकून चमचाभर मध खाल्ला, तर पट्टी पुन्हा जांभळी व्हायला किती दिवस लागतात? सहज विचारते. इथे एका बाईने विचारलं.

स्तामेन्का


बेलग्राड, २५ जुलै

आई,

किती मोठा चमचा? कधी? आकडी आली का? किती वेळ?

त्या बाईला सांगा की मला आज उत्तर हवं आहे. उद्याच्या बसने आलं नाही, तर परवाच्या बसने मी येते.

नेवेना


गोर्न्या लुका, २६ जुलै

हो.

चमचा मोठा. बावीस तारखेला, क्रुनियाच्या मधमाश्यांच्या पोळ्यांपाशी. पोरगी पाटी बांधूनच गेली होती. पण पाटी पाठीवर आणि क्रुनिया समोर, शिवाय तिला चष्म्याशिवाय बैलही दिसत नाही. "पोटाला बरं" म्हणून तिने चमचा तोंडात घातला. पोरीने थुंकायला हवा होता, पण साडेचार महिन्यांनी मध जिभेवर आला, कोण थुंकेल? मी नसता थुंकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबड्यांच्या खुराड्यात आकडी आली. एक मिनिट चाळीस सेकंद. तुझ्या सासऱ्याचं घड्याळ जन्मात पहिल्यांदा कामी आलं. कुशीवर वळवली. तोंडात काही घातलं नाही. कोंबड्यांना लाथेने बाहेर काढलं, नुसत्या बघत बसल्या होत्या रांडा. तीन अंडी फुटली. उठल्यावर पोरीचं पहिलं वाक्य, "आजी, ही अंडी आजच्या वजनातून वजा कर."

मग झोपली. मी तिच्याजवळ बसून वाटाणे सोलले. दोन टोपल्या. वाटाणे एवढे नव्हते, क्रुनियाच्या परसातलेही सोलले.

माझ्या भावाला, वुकाशिनला, आकडी आली की तोंडावर काळं फडकं टाकायचे आणि सगळे अंगणातून निघून जायचे. राडोयेने ते पाहिलंय, लेन्काएवढाच होता. या वेळी मी गेले नाही कुठे. एवढंच सांगायचं होतं.

क्रुनियाला अशा शिव्या दिल्या की तिच्या माश्या पोळ्यात परत गेल्या. पण का दिल्या ते सांगता येईना. ती रडत म्हणाली, "चमचाभर मधासाठी मला चेटकीण म्हणालीस?" पोटाचं खोटं आम्हीच सांगितलं आणि पोटाला मध तिने दिला. तिची चूक नाही हे कळत होतं, म्हणून आवाज आणखी चढवला.

लिहिलं नाही कारण वाटलं, पट्टी जांभळी झाली की लिहीन. आज झाली. पोरीला न्यायला यायचं तर या, मी दार लावून बसणार नाही.

स्तामेन्का


बेलग्राड, २० नोव्हेंबर

ती. आईंना नमस्कार.

त्या दिवसापासून मी पुन्हा मोजते आहे. आज एकशेवीस झाले. डॉक्टरीणबाई म्हणतात, असंच राहिलं तर दोन वर्षांनी खाणं हळूहळू पूर्ववत करता येईल. हे तुम्हाला आधी सांगावंसं वाटलं.

दुसरं तुम्हाला आवडणार नाही. संत निकोलाच्या दिवसाला, एकोणीस डिसेंबरला, राडोये एकटे येतील. घरचे यजमान तेच, त्यांना उभं राहायलाच हवं. पण लेन्का येणार नाही. घरच्या संताची स्लावा, तीही उपासाच्या दिवसातली, टेबलावर मासे, घेवडा आणि पाव, दुधातुपाचं काहीच नाही. आणि दारात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला झितोचा चमचा. उकडलेला गहू, साखर, वर आणखी साखर. चाळीस माणसं चाळीस चमचे घेऊन तिच्या मागे लागतील. आणि नाही का म्हणते, हे कुणाला सांगायचं नाही.

रागावू नका.

नेवेना


गोर्न्या लुका, २७ नोव्हेंबर

घरच्या संताचा दिवस आणि घरातलं एकुलतं एक लेकरू बेलग्राडात खिडकीतून ट्राम मोजत बसणार? रागावू नका म्हणतेस. रागावले. झालं. आता ऐक.

मी तिचं वेगळं झितो करते. अक्रोड दळायचे, लोणी आणि घट्ट साय घालायची, गहू अजिबात नाही. गहू नाही तर झितो कसलं, असं विचारशील. या टेकडीवर निम्म्यांना दात नाहीत, ते गहू नुसता गिळतात, त्यांना तरी कुठे कळतं? संत निकोलाला कळेल, पण तो बोलत नाही, हाच त्याचा मोठा गुण.

उपासाचं म्हणशील तर पाद्रीबुवांना विचारावं लागेल, आणि विचारायचं तर कारण सांगावं लागेल. म्हणून विचारलं नाही. देवाला कारण माहीत आहे, पाद्रीबुवांना नंतर कळलं तरी चालेल.

पोरगी माझ्या पदराला बांधून ठेवीन. तिला वर्षभर लपवलंत, आता संतापासूनही लपवता? मापं पाठव.

स्तामेन्का


बेलग्राड, ५ डिसेंबर

ती. आईंना नमस्कार.

लेन्काने तुमचं पत्र वाचलं. आता तिला न पाठवणं माझ्या हातात राहिलेलं नाही.

मी येऊ शकत नाही. जिन्यावरच्या बर्फावरून घसरले, पाय प्लॅस्टरमध्ये आहे. राडोये तिला घेऊन येतील. मापं: अक्रोड अठरा ग्रॅम, लोणी वीस, घट्ट साय बावीस. बरोबर पस्तीस ग्रॅम मासा. हे तिचं दुपारचं पूर्ण जेवण आहे, चाखायला कुणालाही द्यायचं नाही. निळ्या वाटीत ठेवा आणि निळी वाटी कपाटात. साखरेचं झितो मोठ्या काचेच्या भांड्यात, ते मेणबत्तीपाशी.

राडोयेंना हे दोनदा सांगितलं आहे. ते "हं" म्हणाले.

नेवेना


बेलग्राड, २० डिसेंबर

आई, काय झालं?

राडोये काल मध्येच निघून आले. एवढंच म्हणाले, "आता तिथे जायचं नाही." लेन्का म्हणते, "दाढीवाल्या काकांनी माझं जेवण खाल्लं, आणि आता सगळ्यांना माहीत आहे, आणि मज्जा आली." पट्टी जांभळी आहे, तेवढं मी पाहिलं. बाकीचं तुम्ही लिहा.

नेवेना


गोर्न्या लुका, २२ डिसेंबर

त्याच्या "हं"वर विश्वास ठेवलास? लग्नाला दहा वर्षं झाली तुझ्या! तो जन्मला तेव्हा सुईण म्हणाली, मुलगा झाला, तेव्हाही हा "हं" म्हणाला असावा.

मी स्वयंपाकघरात मासे तळत होते. यजमानाने आजच्या दिवशी बसायचं नाही, सगळं हाताने मांडायचं, म्हणून राडोये मांडत होता. काचेचं भांडं जड, निळी वाटी हलकी. त्याने हलकी उचलली आणि मेणबत्तीपाशी ठेवली. काचेचं भांडं कपाटात.

पाद्रीबुवा आले, प्रार्थना झाली, पाव कापला, आणि मी मासे घेऊन येते तो त्यांचा चमचा निळ्या वाटीत. तोंडात घातला. डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत. मग दुसरा चमचा घेतला. "स्तामेन्का," म्हणाले, "तीस वर्षं मी या टेकडीवर झितो खातोय. हे असं कुठे होतं इतके दिवस?" त्यांच्या मागे सरपंच, मग मास्तरीणबाई, मग मिलीसाव, मग क्रुनिया. सहा चमच्यांत साठ ग्रॅम संपले. ऐन उपासात पाच माणसं लोणी चाटत उभी, आणि माझ्या हातात माशांची परात. बोलावं तर कारण सांगावं लागणार. न बोलावं तर पोरीचं जेवण गेलं.

मी गप्प बसले. हो, बसले. लिहून ठेव.

राडोयेने घाईघाईत काचेचं भांडं आणलं. त्याला वाटलं, मिटलं. क्रुनियाने त्यातला चमचा भरला आणि थेट लेन्कापुढे. "घे गं बाळे, संताचं आहे." लेन्काने ओठ मिटले. "पोटाला काही होत नाही, आशीर्वाद आहे." लेन्काने दोन्ही हात तोंडावर धरले. "संताला नाही म्हणतेस?" आणि त्या बयेने पोरीचे हात बाजूला करून तिचं नाक दाबलं! नाक दाबलं की तोंड उघडतं, हे तिला सहा लेकरांनी शिकवलंय.

तोंड माझं उघडलं.

"सोड तिला! पोट तिचं लोखंडाचं आहे! तिला आकड्या येतात. फेफरं. वुकाशिनला होतं तेच. साखर गेली पोटात की पडते. जुलैत तुझ्या मधाने पडली, आता चमचा खाली ठेव!"

चमचा क्रुनियाच्या हातातून माझ्या पायावर पडला. मग मास्तरीणबाईंनी हळूच विचारलं, "मग त्या निळ्या वाटीत काय होतं?"

"लोणी," मी म्हटलं. "आणि साय."

सरपंचाने मिशी पुसली, जणू पुरावा तिथेच होता. मिलीसाव म्हणाला, "मी तर एकच चमचा घेतला, तोही छोटा." एकेक जण आपला चमचा लहान करायला लागला. सगळे पाद्रीबुवांकडे बघतायत. बुवा दाढी चोळत म्हणाले, "पहिल्या चमच्यालाच मला कळलं होतं."

"मग दुसरा का घेतला?" लेन्काने विचारलं. तिचंच जेवण ते, तिला विचारायचा हक्क होता.

"खात्री करायला," बुवा म्हणाले. आणि हसले. मग सगळी खोली हसली. संताच्या तसबिरीकडे मी पाहिलं नाही.

मी काटा टेबलावर आणला. चाळीस उपाशी माणसांसमोर अक्रोड अठरा, लोणी वीस, साय बावीस, मासा पस्तीस. सगळे माना वाकवून आकडे वाचत होते. सायीला एकवीस झाले तर सरपंच ओरडला, "अजून एक!" लेन्का राणीसारखी बसून जेवली आणि वाटी पुसून घेतली. क्रुनिया मध्येच बाहेर गेली, डोळे धुऊन आली. म्हणाली, "मेले, आधी सांगितलं असतंस तर मी पोळ्यांना कुलूप लावलं असतं." मग कानात म्हणाली की तिच्या थोरल्या मुलीलाही लहानपणी होतं. चाळीस वर्षं शेजारी राहतो आम्ही. तीसुद्धा पोट म्हणूनच सांगायची.

राडोये दिसेना. तो लाकडांच्या खोपटात उभा होता. यजमान, आणि खोपटात!

"आई, तू सांगितलंस."

"सांगितलं. चल आत, मासे गार होतायत."

"आता सगळे तिच्याकडे तसंच बघतील."

"तसं म्हणजे कसं?"

बराच वेळ लाकडं चाचपत होता. मग म्हणाला, "मी वुकाशिनमामाकडे बघायचो तसं."

मी म्हटलं, "तू तेव्हा सात वर्षांचा होतास. आता चव्वेचाळीसचा आहेस. एवढ्या वेळात बैलाचीसुद्धा नजर बदलते." चुकीचं बोलले असेन, मला गोड बोलता येत नाही, माझ्याकडे ते खातं नाही. त्याने पोरीला गाडीत घातलं आणि गेला. पाहुणे टेबलावर आणि यजमान रस्त्यावर, असं या घरात कधी झालं नव्हतं. पाद्रीबुवांनी त्याच्या जागी उभं राहून राकिया वाढली. स्वतःलाही.

आता काल सकाळपासूनचं ऐक. पहिली क्रुनिया आली, डुकराची चरबी घेऊन, "जोखून आणलीय." मग मास्तरीणबाई, लोण्याचा गोळा. सरपंच, धुरी दिलेलं मांस. प्रत्येक जण उंबऱ्यात उभा राहून विचारतो, "पोरगी परत कधी येणार?" तिच्याकडे कसं बघायचं हे त्यांना कुणी शिकवलं नाही, म्हणून ते चरबी आणतात. माझं तळघर भरलंय. अख्खा हिवाळा मी एकटीने खाल्लं तर डॉक्टर मला तुझ्या सासऱ्याशेजारी पुरतील.

तुला, नेवेना, एवढंच. पाय वर ठेव, मापं तू बरोबर दिली होतीस.

बाकीचं पत्र राडोयेला. तो वाचत नसेल तर मोठ्याने वाच, दाराआड असला तर दाराला तोंड लावून वाच. राडोये, वुकाशिनच्या तोंडावर फडकं पडायचं तेव्हा अंगणात मीही होते, आणि मीही निघून जायचे. तू माझंच बघून शिकलास. या जुलैत खुराड्यात मी पहिल्यांदा थांबले. काही होत नाही थांबलं तर. घड्याळ बघावं लागतं, एवढंच.

सात जानेवारीला आपला नाताळ आहे. लेन्काला घेऊन येतोस की नाही, याचं उत्तर तू लिहायचंस, आपल्या हाताने. नेवेनाने लिहायचं नाही, लेन्काने नाही. एका शब्दाचं चालेल, पण तो "हं" असला तर मी बेलग्राडला येऊन तुझ्या कचेरीच्या दारात उभी राहीन आणि मोठ्याने बोलेन.

स्तामेन्का